व्हिनाइल प्रिंटवर लॅमिनेशन हातानं की मशीननं? बबलनं डोकं उठवलंय

सेलूचा रेडियमवाला

राम राम मंडळी. सेलूला माझं रेडियमचं दुकान आहे, नंबर प्लेट, गाडीवरची नावं, ट्रॉलीमागचं 'आई-बाबांचा आशीर्वाद' हे सगळं कटिंग प्लॉटरवर म्हणजे कॉम्प्युटरवरून स्टिकर कापायच्या मशीनवर करतो. प्रिंटर माझ्याकडं नाही, व्हिनाइलवरचं (मागं गोंद असलेली प्लास्टिकची शीट) इको सॉल्व्हंट शाईचं प्रिंट जालन्याहून आणायलो आणि लॅमिनेशन म्हणजे वरून चिकटवायची पारदर्शक फिल्म, सनबोर्डवर (फोमचा हलका बोर्ड) पेस्टिंग, कटिंग दुकानातच. लॅमिनेशनसकट तिथूनच घेतलं तर फुटामागं रेट एवढा वाढतो की मला त्यात चहापाण्याचं पण सुटत नाही, म्हणून हातानंच मारायलो, प्लास्टिकची पट्टी आणि तिला गुंडाळलेला सुती कपडा.

आता खरीप तोंडावर आलाय आणि कृषी केंद्रवाल्यांना सगळे बोर्ड कालच पाहिजे होते. दोन बाय तीन फुटाचा सनबोर्ड, मागं गडद हिरवं, मधे कापसाचं बोंड नाहीतर सोयाबीनच्या शेंगा, खाली दुकानाचं नाव आणि दोन मोबाईल नंबर. ए-फोर, ए-थ्रीच्या साईजचे स्टिकर हातानं एकदम मस्त बसतात, त्यात काही तक्रार नाही. पण दोन बाय तीन आला की काही ना काही निघतंच. कधी हिरव्यावर चंदेरी चंदेरी ठिपके दिसतात, धूळ बसल्यावाणी, पुसलं तरी जात नाहीत. कधी शेवटच्या अर्ध्या फुटात सुरकुती. आणि सगळ्यात ताप म्हणजे काही शीट लावताना एक नंबर बसतात, आपण खूश होऊन घरी जातो आणि सकाळी शटर वर करून बघावं तर अंगभर बारीक बारीक बबल.

बाजूचा काचवाला म्हणायला साबणाचं पाणी मारून लाव, सरकवता येतं. फोटो स्टुडिओवाला मित्र म्हणायला माझ्या गरम लॅमिनेशनच्या मशीनमधून काढ. आणि मी बघायलो 25 इंची हँडलवाली कोल्ड लॅमिनेशन मशीन, गरम न करता नुसत्या रोलरच्या दाबानं फिल्म चिकटवणारी. घ्यावी का? का हातानंच जमतं आणि माझाच हात बसायचाय? ज्यांच्याकडं दोन्ही झालंय त्यांनी सांगा, डीलरला विचारलं तर तो मशीनच घ्या म्हणणार हे मलाही कळतंय.

नांदेड_प्रिंट

मशीन घे भाऊ, विषय संपला. एकट्यानं हातानं दोन बाय तीन मारायचं म्हणजे एकट्यानं पंगत वाढायची, शेवटच्या पानापर्यंत भात गार होणारच.

लातूरकर साइन्स

नांदेडवाल्या दादांचं खोटं नाही पण जरा थांबा, मशीनचं नंतर बघू. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. बबल कधी दिसला हे आधी बघायचं असतं, लावता लावता दिसला की रात्रीतून आला.

लावतानाच चंदेरी दिसतंय ते बबल नाहीच, त्याला आमच्याकडं सिल्व्हरिंग म्हणतात. शाईचा थर वरून सपाट नसतो, त्याच्या खाचाखोचांत बारीक हवा राहते, लॅमिनेशनचा गोंद तिथपर्यंत पोचत नाही आणि उजेड त्या हवेवरून परत येतो म्हणून ते चंदेरी दिसतं. पांढऱ्या-पिवळ्यावर पण असतंच ते, तिथं डोळ्याला कळत नाही, गडद हिरवा, काळा, नेव्ही ब्लू आला की बोंबलतं. हे दाबाचं काम आहे, हाताचा दाब सगळीकडं सारखा पडत नाही आणि इथं मशीन शंभर टक्के जिंकतं. सुरकुती म्हणजे फिल्म तिरकी गेली किंवा ताण एका बाजूला जास्त पडला, ती हातानंही होते आणि मशीननं तर दहा फूट होईपर्यंत कळतच नाही.

पण रात्रीतून येणारे बबल हा वेगळाच आजार आहे, त्याला मशीन घेऊन उपयोग नाही. ती हवा तुम्ही कोंडलेली नाही, ती शाईतून निघालीय. मला एवढंच सांगा, प्रिंट निघाल्यावर किती वेळानं तुम्ही लॅमिनेशन मारता?

सेलूचा रेडियमवाला

जालन्यात संध्याकाळी प्रिंट निघतं, ते लोक घट्ट रोल करून वरून टेप मारून पार्सल देतात, रात्रीच्या गाडीनं ओळखीचा माणूस आणतो. सकाळी दुकान उघडलं की पहिलं तेच काम, दुपारपर्यंत सनबोर्डवर लागलेलं पण असतं कारण गिऱ्हाईक समोर खुर्ची टाकून बसलेलं असतं. हाताला ओलं काही लागत नाही हां, एकदम कोरडं असतं.

लातूरकर साइन्स

बरोब्बर, तिथंच मेख आहे. इको सॉल्व्हंट हाताला कोरडं लागतं पण आत सॉल्व्हंट म्हणजे शाई पातळ ठेवणारं द्रव शिल्लक असतं, ते हळूहळू उडत राहतं. वरून लॅमिनेशन टाकलं की त्याला जायला वाट नाही, मग ते एक तर फिल्मला वर उचलतं म्हणजे तुमचे सकाळचे बबल, नाहीतर खाली व्हिनाइलमध्ये उतरून त्याचा गोंद मऊ करतं, मग महिनाभरानं कडा सुटतात आणि गिऱ्हाईक म्हणतं सनबोर्ड हलका वापरला. साधारण 24 तास उघडं ठेवायचंच, तुमच्यासारखं पूर्ण गडद भरलेलं असेल तर 48 धरा. आणि घट्ट गुंडाळून टेप मारलेल्या रोलमध्ये गेलेली रात्र यात धरायची नाही, त्याला श्वासच मिळत नाही, फक्त दोन्ही टोकं सुकतात. नीट बघा, तुमचे बबल शीटच्या मधे जास्त असतील आणि कडेला कमी.

आल्या आल्या टेप काढायची, शक्य असेल तर दोरीला क्लिपा लावून टांगायचं, जागा नसेल तर सैल रोल करून उभा ठेवायचा, बादलीत ठेवला तरी चालतो, आडवा नाही. उन्हात घालू नका, लवकर वाळेल म्हणून काही जण गच्चीवर नेतात, धूळ बसते ती बसते आणि व्हिनाइल आकसून वाकडं होतं ते वेगळंच. नाक लावून वास घ्या, वास येयलाय तोवर हात लावायचा नाही. घाईच असेल तर जिथं लॅटेक्स प्रिंटर आहे तिथून प्रिंट काढा, लॅटेक्सची शाई मशीनमध्येच गरम होऊन पक्की होते, ते लगेच लॅमिनेट केलं तरी चालतं. रेट जास्त पडतो पण खुर्ची टाकून बसलेलं गिऱ्हाईक उठतं.

बीडचा पेंटर

आमच्या काळात ब्रश होता तेव्हा बबल नावाचा प्रकारच नव्हता, उन्हानं पापुद्रे निघायचे तेवढेच. असो, आता मी पण व्हिनाइलच चिकटवतो, पोटाला लागतंच.

पोरा, हातानं दोन बाय तीन होतं, पण एकट्यानं नाही आणि त्या कपडा गुंडाळलेल्या पट्टीनं तर नाहीच. कपडा सरकतो, चुण्या पडतात आणि जिथं चुणी तिथं दाब कमी. फेल्ट म्हणजे नमद्यासारखं मऊ कापड लावलेली स्क्विजी, म्हणजे दाबायची पट्टी मिळते ती घे, लई महाग नाही, फेल्ट झिजलं की बदल, झिजलेल्या फेल्टनं ग्लॉसीवर म्हणजे चकचकीत फिल्मवर ओरखडे उठतात आणि ते उन्हात बोर्ड लागल्यावरच दिसतात. टेबलावर काच टाक. प्लायवर जी काय गाठ असेल ती शीटवर उमटते.

काम करायच्या आधी दुकानासमोर पाणी शिंपड, पंखा बंद कर, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये माती हवेतच असते आणि लॅमिनेशनचा कागद सोलला की ती फिल्म आजूबाजूची धूळ केस सगळं ओढून घेते. शर्टाच्या बाहीनं प्रिंट पुसू नको, ओढून घेतलेलं परत त्यावर टाकशील.

मग असं कर. प्रिंट काचेवर ठेव, चारी कोपरे टेपनं पक्के. लॅमिनेशनचा तुकडा प्रिंटपेक्षा चारी बाजूनं इंचभर मोठा काप, वर ठेव, सरळ आहे का बघ आणि दोन फुटाच्या बाजूला वरून मास्किंग टेप मार, ती टेप म्हणजे बिजागरी. आता फिल्म उलटी कर, मागचा कागद दोन बोटं सोल आणि तो कागद तसाच दुमडून पक्की घडी पाड. फिल्म खाली सोड, पहिला हात मधून डावीकडं, मग मधून उजवीकडं. एवढी पट्टी नीट बसली की तुझं निम्मं काम झालं. पुढं एक जण खालून कागद हळूहळू ओढत राहील आणि दुसरा लगेच त्याच्या मागं पट्टी मारत जाईल, प्रत्येक हात आधीच्या हातावर थोडा चढला पाहिजे, पट्टी तिरकी धरायची, उभी नाही. फिल्म पुढं टेबलाला टेकू द्यायची नाही, ओढून ताणायची पण नाही, नुसती अधांतरी. आणि मधे थांबायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे. जिथं थांबलास तिथं आडवी रेघ राहते आणि ती कशानंच जात नाही.

पाण्याचा नाद करू नको. काचवाला त्याच्या जागी बरोबर आहे, काचेवर साधं व्हिनाइल लावताना साबणाचं पाणी चालतं, पण प्रिंट आणि लॅमिनेशनच्या मधे गेलेलं पाणी निघत नाही, गोंद दुधाळ दिसतो आणि पकड पण जाते.

सेलूचा रेडियमवाला

काका लई आभार, एवढं तर कुणी दुकानात उभं करून पण सांगितलं नसतं. बिजागरीचं माहीतच नव्हतं, मी आख्खा कागद एकदम सोलून दोघं चार कोपरे धरून वरून सोडायचो.

बीडचा पेंटर

मग बरोबर हाय. तसं सोडल्यावर मधे हवा बसणारच.

अंबाजोगाई ग्राफिक्स

गरम मशीनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहायलो. स्टुडिओवाल्याच्या मशीनमध्ये व्हिनाइल अजिबात घालू नका. ते कागदासाठी असतं, त्यातली फिल्म शंभर डिग्रीच्या आसपास चिकटते, तेवढ्या उष्णतेत व्हिनाइल मऊ पडून आकसतं, मागचा गोंद बाहेर येतो आणि शीट रोलरला गुंडाळली तर मित्र पण जाईल आणि मशीन पण. व्हिनाइलला कोल्डच. मोठ्या मशीनला वरचा रोलर थोडा गरम होणारी सोय असते, 40-50 डिग्री, ती वेगळी, ती गोंद जरा पातळ व्हावा म्हणून, सिल्व्हरिंगला त्यानं फरक पडतो.

आता मशीनची दुसरी बाजू. आमच्याकडं हँडलवाली पण आहे आणि नंतर मोटारवाली पण घेतली. मशीन आणलं म्हणजे पहिल्या दिवसापासून चकाचक असं डोक्यातून काढा. रोलरचा दाब दोन्ही टोकांना सारखा पाहिजे, एका बाजूला जास्त झाला की फिल्म तिकडं पळते आणि सुरकुती पडते. तपासायला साध्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, एक डाव्या टोकाला एक उजव्या टोकाला रोलरमध्ये धरा आणि ओढून बघा, दोन्ही सारख्याच जड निघाल्या पाहिजेत. हे रोज सकाळी करायचं.

दुसरं म्हणजे लॅमिनेशनच्या रोलचा ब्रेक, रोल सैल सुटू नये म्हणून आवळायची सोय. नवीन माणूस सुरकुती आली की ब्रेक आवळतो, त्यानं सुरकुती जाते खरी पण फिल्म ताणून बसते. मग ती आपल्या मूळ मापाला यायला बघते, शीट लॅमिनेशनच्या बाजूनं गुंडाळायला लागते, 3 एमएमच्या सनबोर्डवर लावली तर बोर्डच कमान धरतो. शीट टेबलावर ठेवली आणि कोपरे वर उचलले की समजा ब्रेक जास्त झालाय. फिल्म सपाट दिसण्यापुरताच ताण, त्याच्यावर नाही.

आणि मोटारवालीचा आमच्याकडचा खास त्रास म्हणजे लाइट. शीट अर्धी आत गेली आणि लाइट गेली की रोलरखाली दाबाची रेघ उमटते. हँडलवालीला तो प्रश्नच नाही, म्हणून मी म्हणतो पहिली मशीन हँडलचीच बरी, फक्त हँडल एका लयीत फिरवा, पोराला बसवलं तर त्याच्या हातात मोबाईल नको.

हिंगोली_स्टिकर

सगळे मशीन मशीन करायलेत म्हणून उलटं सांगतो. महिन्याला किती मोठे बोर्ड निघतात ते आधी वहीत बघा. खरिपाचे दोन महिने, मग गणपती-नवरात्र आणि मधे एखादं इलेक्शन लागलं तर, पण इलेक्शनला सगळं फ्लेक्सच असतं, त्याला लॅमिनेशन कोण विचारतो. बाकी वर्षभर नंबर प्लेट आणि लहान स्टिकर, ते हातानं होतंच आहे. सीझनपुरतं जालन्याहूनच लॅमिनेशन करून आणा आणि रेट गिऱ्हाईकाकडून घ्या, आमच्याकडचे लोक मशीन घेतात आणि सहा महिन्यांनी त्यावर हेल्मेट ठेवतात.

आणि ग्लॉसीऐवजी मॅट वापरून बघा. हाताच्या रेघा आणि बारीक सिल्व्हरिंग मॅटमध्ये बरंच झाकलं जातं, उन्हात बोर्ड चमकत नाही म्हणून लांबून वाचता पण येतो. गिऱ्हाईक आधी नाक मुरडतं कारण त्याला चमक पाहिजे असते, शेजारच्या दुकानाचा बोर्ड दाखवला की गप्प बसतं. फक्त मॅटखाली गडद रंग थोडा फिका दिसतो, एक तुकडा आधी लावून दाखवायचा, नंतर भांडण नको.

नांदेड_प्रिंट

हेल्मेटचं पटलं 😂 आमच्या जुन्या मशीनवर सध्या डबे ठेवलेत.

पण लॅमिनेशन टाळू नका एवढं सांगतो, हातानं मारा नाहीतर मशीननं. आपल्याकडचं ऊन बघता उघड्या प्रिंटमधला लाल आणि पिवळा आधी उडतो, मग हिरवं शेत निळं दिसायला लागतं. ट्रॉली आणि टाकीवरच्या स्टिकरला तर डिझेल पेट्रोल सांडतं, इको सॉल्व्हंटची शाई त्यानं सरळ पुसली जाते.

सेलूचा रेडियमवाला

अपडेट देतो. या वेळचे रोल आल्या आल्या उघडून मागच्या खोलीत दोरीवर टांगले, गिऱ्हाईकाला सरळ परवाचा वायदा दिला, थोडा बडबडला पण थांबला. काकांच्या पद्धतीनं बायकोला सोबत घेऊन लावलं, ती कागद ओढायली आणि मी पट्टी. रात्रीतून येणारे बबल आलेच नाहीत, एक पण नाही. सुरकुती पण नाही. चंदेरी मात्र हिरव्यावर अजून आहे, आधीपेक्षा कमी पण आहे, विशेषतः जिथं एकदम डार्क आहे तिथं. त्याचं काय करावं?

हिंगोलीवाल्या भाऊंचं ऐकून वही पण काढली, सीझन सोडला तर मोठे बोर्ड तसे कमीच आहेत. पण एक जुनी मशीन परभणीत विकायला निघालीय, 39 इंची, हँडलवाली. नवी 25 घेण्यापेक्षा ती बरी का?

लातूरकर साइन्स

चंदेरीला एक दिवस तसंच राहू द्या, गोंद हळूहळू खाली बसतो आणि बरंचसं आपोआप जातं. उरलं तर हिट गन (गरम हवा मारायचं यंत्र) लांबून, फिल्म कोमट होईल एवढीच, आणि लगेच फेल्टनं दाबून हात फिरवा. जास्त गरम केलं तर ग्लॉसी मरते आणि सनबोर्ड फुगतो, म्हणून सनबोर्डवर पेस्टिंग करायच्या आधीच हे उरकायचं. दुपारी पत्र्याखालचं दुकान तापलेलं असतं तेव्हा गोंद तसाही जहाल होतो, टेकला की सुटत नाही, म्हणून लावायचं सकाळी आणि दाबायचं दुपारी. एखादा मोठा बबल राहिलाच तर टाचणीनं तिरकं भोक पाडून चारी बाजूनं भोकाकडं दाबा, ब्लेडनं चीर पाडू नका, चीर उन्हानं उघडते.

साईजचं म्हणाल तर 39 च. 25 इंचीत 24 ची शीट जाते पण दोन्हीकडं अर्धाच इंच उरतो, त्यात काकांनी सांगितलेली इंचभर जास्तीची फिल्म कुठं बसवणार? जरा तिरकी गेली की कड बाहेर. 39 मध्ये दोन फुटी आरामात जाते आणि उद्या तीन बाय चारचं काम आलं तरी तीन फुटाच्या बाजूनं घालता येतं.

अंबाजोगाई ग्राफिक्स

जुनी घ्यायची तर रंग-बिंग बघू नका, रोलर बघा. अंधारात मागून मोबाईलची टॉर्च लावा, दोन्ही रोलर नुसते टेकवा आणि मधून उजेड कुठं येतोय का बघा. एकाच ठिकाणाहून सलग उजेड आला म्हणजे रबर तिथं बसलंय. कित्येक जण रात्री दाब न सोडता तसंच दुकान बंद करतात, महिनोन् महिने पडून राहिलं की रबरला सपाट चट्टा पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला तिथं एक आडवा पट्टा उमटतो, तो कुठल्याच सेटिंगनं जात नाही. कटरचे काप पण असतात, मशीनवरच शीट कापायची सवय असलेल्या दुकानातले. बोट फिरवलं की लागतात.

रोलर बदलून मिळतो पण त्या भावात मशीन घेण्यात अर्थ राहत नाही. जाताना गडद हिरव्याचा एक वाळलेला तुकडा आणि थोडी ग्लॉसी फिल्म सोबत घेऊन जा, त्याच्यासमोर फिरवून बघा, मग भाव बोला.

सेलूचा रेडियमवाला

रविवारी जातो. काका, तुम्ही फेल्टची स्क्विजी बीडमध्ये कुठून घेता? सेलू-परभणीला नुसती प्लास्टिकचीच मिळायली.

बीडचा पेंटर

मी संभाजीनगरहून मागवतो, साइनचं मटेरियल विकणाऱ्या दुकानात विचार, व्हिनाइलचे रोल जिथं मिळतात तिथंच असते. नुसतं फेल्ट पण मिळतं, मागं चिकट असलेलं, ते तुझ्या प्लास्टिकच्या पट्टीला लावलं तरी भागतं. दोन-चार जास्तीची आण, ट्रॉलीवर काम केलं की एका दिवसात खराब होतं.